कोंबडीपालनात प्रतिजैविकांचा वापर कमी कसा करावा: पाण्याच्या नळीपासून औषधाच्या वहीपर्यंत

वीस हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये सकाळी वीस-पंचवीस पिल्ले पंख पाडून आणि डोळे मिटून बसलेली दिसतात, आणि दुपारपर्यंत पाण्याच्या टाकीत प्रतिजैविकाची पुडी पडलेली असते. आजारी पिल्लू मुळातच पाणी कमी पिते, त्यामुळे औषधाचा मोठा भाग निरोगी पक्ष्यांच्याच पोटात जातो. गाय आजारी पडली तर त्या एका गायीला इंजेक्शन देता येते. कोंबड्यांमध्ये एकेका पक्ष्यावर उपचार करणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असल्यामुळे औषध नेहमी संपूर्ण बॅचला दिले जाते, आणि म्हणून औषध देण्याचा प्रत्येक निर्णय एकाच वेळी हजारो आतड्यांतील असंख्य जंतूंवर परिणाम करतो.

या लेखात वापर कमी करण्याची पद्धत क्रमाने मांडली आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अनेक जण औषध बंद करण्यापासून सुरुवात करतात, पुढच्याच बॅचमध्ये मरतुक वाढते आणि ‘औषधाशिवाय कोंबडी वाढत नाही’ असा समज पक्का होऊन बसतो. औषध थांबवणे ही उशिराची पायरी आहे. त्याआधी औषधाची गरज कशामुळे निर्माण होते ते शोधून ती कारणे एकेक करून दूर करावी लागतात.

जंतू औषधाला दाद देईनासे कसे होतात

कोणत्याही मोठ्या जंतुसमूहात काही जंतू असे असतात की, जनुकातील एखाद्या बदलामुळे विशिष्ट औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. औषध दिल्यावर बाकीचे मरतात आणि या उरलेल्यांना मोकळे रान मिळते. मात्रा अपुरी असेल तर हे आणखी सोपे होते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याचा इशारा दिला होता. याहून चिंतेची बाब अशी की, हा गुण प्लाझ्मिड नावाच्या जनुकीय वलयावरून एका जंतूकडून दुसऱ्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकतो. म्हणजे कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलायमध्ये तयार झालेला प्रतिरोध माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूपर्यंत पोहोचू शकतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेले औषध; त्याला निष्प्रभ करणारे आणि प्लाझ्मिडवरून पसरणारे एमसीआर-1 हे जनुक 2015 मध्ये चीनमधील संशोधकांनी जगासमोर आणले, आणि ते जनावरे, मांस व रुग्ण या तिन्ही ठिकाणच्या जंतूंत सापडले होते.

शेडमधील सवय बदलली की जंतूही बदलतात, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण कॅनडातील क्वेबेक प्रांताचे आहे. तेथील हॅचरींमध्ये, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रांत, अंड्यातच सेफ्टिओफर हे सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविक टोचले जात असे. 2005 च्या सुरुवातीला हॅचरींनी ते स्वेच्छेने थांबवले, तेव्हा कोंबडीच्या मांसातील आणि माणसांतील साल्मोनेला हायडेलबर्ग जंतूंमधील त्या गटाच्या औषधांचा प्रतिरोध ठळकपणे खाली आला. 2007 मध्ये काही प्रमाणात वापर पुन्हा सुरू झाल्यावर प्रतिरोधही पुन्हा वर जाऊ लागला. हॅचरीतील टोचणी आणि रुग्णालयातील रुग्ण यांच्यातील अंतर किती कमी आहे, हे यावरून कळते.

पहिली पायरी: औषधाची वही आणि वयाचा दिवस

कमी करायचे असेल तर आधी किती वापरतो ते कळायला हवे. प्रत्येक शेडसाठी स्वतंत्र वही ठेवावी आणि तीत तारीख, पक्ष्यांचे वय, लक्षणे, शवविच्छेदनात काय दिसले, औषधाचा मूळ घटक, त्याचे प्रमाण, दिवसाला किती ग्रॅम आणि किती दिवस दिले, हे लिहावे. व्यापारी नावावर समाधान मानू नये. तीन वेगवेगळ्या नावांच्या पुड्यांमध्ये एकच औषध असल्याचे वही लिहायला लागल्यावरच अनेकांच्या लक्षात येते. तयार खाद्यातून येणारे औषधही याच वहीत यायला हवे, त्यासाठी खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठी वाचावी आणि तीवर माहिती नसेल तर पुरवठादाराकडून ती लेखी मागावी.

बॅच संपल्यावर एक साधा हिशेब करावा. समजा 20 टक्के मूळ घटक असलेली 1 किलोची तीन पाकिटे वापरली. म्हणजे प्रत्यक्ष औषध 600 ग्रॅम, अर्थात 6,00,000 मिलिग्रॅम झाले. विकलेले पक्षी 19,200 आणि सरासरी वजन 2.2 किलो असेल, तर एकूण वजन 42,240 किलो भरते. भागाकार केल्यावर दर किलो पक्ष्यामागे सुमारे 14.2 मिलिग्रॅम औषध असा आकडा मिळतो. एका बॅचचा आकडा फारसे काही सांगत नाही. चार-पाच बॅचचे आकडे शेजारी ठेवले की कल समजतो. त्याबरोबर औषधाचे एकूण दिवसही मोजावेत, कारण काही औषधांची मात्रा मुळातच कमी असते आणि केवळ वजनावर गेल्यास जुने, जास्त मात्रेचे औषध सोडून नवे, प्रभावी आणि माणसांसाठी मोलाचे औषध वापरणाऱ्याचा आकडा चांगला दिसतो.

वहीचा खरा उपयोग पुढे आहे. औषध कोणत्या वयात सुरू करावे लागले, ते दिवस एका कागदावर मांडून पाहावेत. पहिल्या आठवड्यातच औषध लागत असेल, तर दोष बहुधा पिल्लाच्या दर्जात, हॅचरीच्या स्वच्छतेत किंवा ब्रूडिंगमध्ये, म्हणजे पिल्लांना सुरुवातीला ऊब देण्यात, असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास हगवण लागून औषध द्यावे लागत असेल, तर कॉक्सिडिओसिस (आतड्यातील परजीवींचा आजार), ओली गादी (जमिनीवर अंथरलेला भुसा) आणि खाद्य यांकडे पाहावे. चौथ्या आठवड्यानंतर खोकला, घरघर आणि वायुकोषांचा (फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांचा) दाह दिसत असेल, तर हवा, अमोनिया आणि श्वसनरोगांच्या लसी तपासाव्यात. हा ढोबळ नियम आहे, तो निदानाची जागा घेत नाही. पण कोणत्या पायरीवर आधी मेहनत घ्यावी हे त्यावरून ठरवता येते.

दुसरी पायरी: पिल्लू आणि त्याची पहिली रात्र

पिल्ले उतरवताना प्रत्येक खोक्यातील काही पिल्ले हातात घेऊन बेंबी पाहावी. बेंबी बंद, कोरडी आणि स्वच्छ असावी. काळा खडा, लोंबणारा धागा किंवा ओलसर लाली असेल, तर तेथून जंतू आत शिरून पिवळ्या बलकाच्या पिशवीत संसर्ग होतो आणि पहिल्या आठवड्यातील मरतुकीचे ते एक मोठे कारण आहे. अशी पिल्ले वारंवार येत असतील तर तो प्रश्न टाकीतील औषधाने सुटत नाही, त्याचे मूळ हॅचरीत असते: जमिनीवर घातलेली मळकी अंडी उबवणीत जाणे, ओलाव्याचे चुकलेले प्रमाण, अस्वच्छ ट्रे. बेंबीची पाहणी, पहिल्या सात दिवसांची मरतुक आणि पिल्लांचे वजन यांची नोंद हॅचरीला दर वेळी कळवावी, आणि पिल्लांना किंवा अंड्यांना कोणतेही प्रतिजैविक टोचलेले नाही असे लेखी घ्यावे.

शेड पिल्ले येण्याच्या किमान 24 तास आधी, थंडीत त्याहूनही आधी, तापवून ठेवावे. हवा गरम झाली तरी जमीन गार राहते, आणि पिल्लू उभे असते ते जमिनीवर. गादीचे तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. थर्मामीटरबरोबर आणखी एक खात्रीचे साधन म्हणजे आपला गाल: पिल्लाचे पाय गालाला लावून पाहावेत, ते गार लागले तर पिल्लू गारठलेले आहे. गारठलेले पिल्लू खाद्याकडे जात नाही, त्याची आतडी वेळेवर वाढत नाहीत आणि जंतूंना तोंड देण्याची ताकदही कमी पडते.

पहिल्या रात्रीची एक तपासणी मी कधीही चुकवू नये असे म्हणेन. पिल्ले उतरवल्यानंतर आठ तासांनी आणि पुन्हा 24 तासांनी, शेडच्या तीन-चार ठिकाणांहून मिळून तीस-चाळीस पिल्ले हळुवारपणे उचलावीत आणि मानेच्या तळाशी असलेली अन्नपिशवी अंगठा व तर्जनीने चाचपावी. ती भरलेली, गोल आणि शिजवलेल्या लापशीसारखी मऊ लागली, तर पिल्लाने खाद्य आणि पाणी दोन्ही घेतले आहे. आत कोरडे कण टोचल्यासारखे लागले, तर खाद्य मिळाले पण पाणी मिळाले नाही. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लागली, तर फक्त पाणीच पोटात गेले आहे. आठ तासांनी सुमारे 80 टक्के आणि 24 तासांनी 95 टक्क्यांहून अधिक पिल्लांची अन्नपिशवी भरलेली असावी. ती तशी नसेल तर त्याच रात्री तापमान, उजेड, निपलची (पाणी पिण्याच्या तोटीची) उंची आणि कागदावर पसरलेले खाद्य दुरुस्त करावे. सकाळपर्यंत थांबले तर तो वेळ भरून निघत नाही. सातव्या दिवशीचे वजन पहिल्या दिवसाच्या किमान चौपट भरले आणि आठवड्याची मरतुक 1 टक्क्याच्या आत राहिली, की ही पायरी जमली असे समजावे.

पहिले तीन ते पाच दिवस ‘सुरुवातीचा कोर्स’ म्हणून प्रतिजैविक देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. ती मोडायलाच हवी. पिल्लाच्या आतड्यात उपयुक्त जंतूंची वस्ती बसण्याचे हेच दिवस असतात, आणि त्याच दिवसांत आपण ती वस्ती उठवतो. फिनलंडमधील नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये दाखवून दिले की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू नवजात पिल्लांना दिल्यास साल्मोनेलाला आतड्यात जागा मिळणे कठीण होते. चांगल्या दर्जाचे प्रोबायोटिक हॅचरीत फवाऱ्याने किंवा पहिल्या दिवशी पाण्यातून देण्यामागे हेच तत्त्व आहे.

तिसरी पायरी: पाणी

माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिली जाणारी आणि सर्वांत लवकर फळ देणारी पायरी हीच आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या तोंडाशी घेतलेला नमुना शुद्ध आला म्हणून अनेक जण निर्धास्त राहतात. निपलच्या ओळीचे शेवटचे टोक उघडावे आणि नळीच्या आतून बोट फिरवून पाहावे. बोटाला बुळबुळीत, राखाडी किंवा तपकिरी थर लागला तर तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर आहे. त्याच्या आत ई. कोलाय आणि इतर जंतू सुरक्षित राहतात, थोड्याथोड्याने सुटून पाण्यात येतात आणि पक्षी ते दिवसभर पितात. जीवनसत्त्वे, ग्लुकोज आणि इतर पूरक द्रावणे पाण्यातून दिली की या थराला खाद्यच मिळते. एवढेच नव्हे, तर प्रतिजैविक पाण्यातून दिल्यावर त्याचा उरलेला अंशही या थरात अल्प मात्रेत रेंगाळतो, आणि प्रतिरोध वाढायला याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही.

दोन बॅचच्या मधल्या काळात नळ्या अशा स्वच्छ कराव्यात. आधी पूर्ण दाबाने पाणी सोडून सुटा गाळ काढून टाकावा. नंतर नळ्यांसाठी बनवलेले स्थिर हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण, लेबलवरील प्रमाणात, शेवटच्या निपलमधून बाहेर येईपर्यंत भरावे, प्रत्येक ओळीतील निपल हलवून ते आत पोहोचवावे आणि लेबलवर सांगितलेला वेळ, साधारण रात्रभर ते 24 तास, तसेच राहू द्यावे. मग पुन्हा जोराने धुवावे. क्षारांचा पांढरा थर असेल तर स्वतंत्रपणे आम्लाचे द्रावण वापरावे. येथे एक इशारा जीवनमरणाचा आहे: क्लोरीनचे द्रावण आणि आम्ल एकाच भांड्यात कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही द्यायची असतील तर दोन वेगळ्या टाक्या आणि दोन वेगळे डोसिंग पंप लागतात.

पक्षी शेडमध्ये असताना क्लोरीन चालू ठेवावे आणि त्याचे मोजमाप टाकीपाशी न करता शेवटच्या निपलपाशी करावे. तेथे मुक्त क्लोरीन 3 ते 5 पीपीएम (दशलक्षात भाग) मिळायला हवे. पाण्याचा सामू (पीएच) 8 च्या वर असेल तर क्लोरीन बहुतांशी निष्प्रभ रूपात राहते, त्यामुळे सामू 6 ते 7 च्या दरम्यान आणणे फायद्याचे ठरते. कोणतेही जीवनसत्त्व किंवा औषध दिल्यानंतर त्याच दिवशी नळ्या जोराने धुवाव्यात. प्रत्येक शेडला पाण्याचे मीटर बसवावे आणि रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहावा. आजाराची पहिली खूण बहुधा मीटरवर दिसते. डोळ्यांना लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवशी पाणी कमी झालेले असते, आणि त्या एका दिवसात हवा, तापमान किंवा गळती दुरुस्त करून पुढचे औषध टाळता येते.

चौथी पायरी: हवा आणि गादी

अमोनियाची सवय माणसाच्या नाकाला फार लवकर होते. म्हणून शेडमध्ये शिरल्या शिरल्या, पक्ष्याच्या उंचीला खाली बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर अमोनिया बराच जास्त आहे. 25 पीपीएम ही सामान्यतः कमाल मर्यादा मानली जाते, पण ध्येय 10 च्या आसपास असावे. अमोनियाने श्वासनलिकेतील सूक्ष्म केस निकामी होतात, धुळीबरोबर आलेला ई. कोलाय थेट वायुकोषांत उतरतो, आणि मग ज्याला आपण ‘ई. कोलायचा आजार’ म्हणतो तो खरे तर हवेचा आजार असतो. थंडीच्या रात्री इंधन वाचवण्यासाठी पडदे पूर्ण बंद करण्याचा मोह होतो, आणि माझ्या पाहण्यात चौथ्या आठवड्यातील बहुतेक कोर्सचे मूळ त्याच बंद पडद्यांत होते. ऊब ठेवूनही किमान हवा खेळती ठेवावी, मग थोडे जास्त इंधन लागले तरी चालेल.

गादीची परीक्षा मुठीने होते. मूठभर गादी घट्ट दाबून सोडावी. गोळा होऊन तसाच राहिला तर ती फार ओली आहे, अजिबात चिकटली नाही तर फार कोरडी व धुळकट आहे, आणि किंचित चिकटून लगेच मोकळी झाली तर ओलावा 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे योग्य आहे. ओले ढेपाळलेले भाग त्याच दिवशी काढून टाकावेत आणि गळणारे निपल बदलावे. पक्ष्यांची गर्दीही येथेच मोजली जाते: शेडची हवा आणि गादी जितके पक्षी पेलू शकते तितकेच पक्षी घ्यावेत.

पाचवी पायरी: दाराशी रेषा

जैवसुरक्षेसाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. शेडच्या दारात आडवे बाक टाकावे. बाहेरचे बूट बाकाच्या अलीकडे काढायचे, पाय पलीकडे टाकायचे आणि त्या शेडचेच बूट घालायचे, हात धुवायचे. चिखलाने भरलेले बूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून आत जाण्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, कारण सेंद्रिय मळ जंतुनाशकाला निकामी करतो. याच कारणाने शेड धुतानाही क्रम पाळावा: सर्व खत काढणे, झाडणे, साबणाच्या पाण्याने भिजवून धुणे, वाळू देणे आणि मगच जंतुनाशक फवारणे. एका फार्मवर एकाच वयाचे पक्षी ठेवावेत, सर्व एकदम काढावेत आणि पुढच्या बॅचपूर्वी शक्यतो 14 दिवस शेड रिकामे ठेवावे. उंदीर, गादीतील काळे किडे आणि रानपक्षी हे एका बॅचचे जंतू दुसरीला पोहोचवतात. त्यांचा बंदोबस्त रिकाम्या काळातच नीट होतो.

सहावी पायरी: लस नीट पोहोचवणे

विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, पण विषाणूजन्य आजारानंतर येणाऱ्या जंतुसंसर्गासाठीच बरेचसे औषध खर्च होते. राणीखेत आणि ब्राँकायटिस श्वासमार्ग उघडा पाडतात, गंबोरो रोगप्रतिकारशक्तीच खच्ची करतो. लसींचे वेळापत्रक त्या भागातील रोग आणि पिल्लांना आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांची पातळी पाहून पशुवैद्यकाने ठरवावे, दुसऱ्याचे उतरवून घेऊ नये.

पाण्यातून लस देताना चूक होते ती बहुधा तपशिलात. लसीच्या 24 ते 48 तास आधी क्लोरीन बंद करावे, पाण्यात दर लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ते पाणी स्थिर करावे, हवामान पाहून पक्ष्यांना एक-दोन तास तहानलेले ठेवावे आणि साधारण दोन तासांत संपेल इतकेच द्रावण करावे. लसीत निळा रंग मिसळला असेल तर नंतर शंभर पक्ष्यांच्या जिभा पाहाव्यात. नव्वदहून कमी जिभा निळ्या असतील तर लस पोहोचलेली नाही. कॉक्सिडिओसिससाठीही लसी उपलब्ध आहेत आणि ज्यांना खाद्यातील औषधे पूर्णपणे कमी करायची आहेत त्यांनी त्यांचा विचार करावा, मात्र तेव्हा गादीचा ओलावा आणखी काटेकोरपणे सांभाळावा लागतो.

सातवी पायरी: खाद्य आणि मग औषध थांबवणे

न पचलेले प्रथिन आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचले की क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूला मेजवानी मिळते आणि आतड्याचा दाह होतो. म्हणून एकूण प्रथिन वाढवण्याऐवजी पचनीय अमिनो आम्लांचा समतोल साधावा, गहू किंवा बार्ली जास्त असेल तर योग्य विकरे (एन्झाइम) घालावीत, आणि बुरशी लागलेले धान्य कोणत्याही कारणाने वापरू नये, कारण बुरशीचे विष प्रतिकारशक्ती कमी करते. सेंद्रिय आम्ले, ब्युटिरिक आम्लाची उत्पादने, वनस्पतिजन्य अर्क यांचा काही ठिकाणी चांगला उपयोग होतो, पण त्यांतील कोणतेही एक उत्पादन प्रतिजैविकाची जागा पूर्णपणे घेईल असे मानू नये. एका वेळी एकच बदल, एका शेडमध्ये, दुसऱ्या शेडशी तुलना करून पाहावा.

आता औषध थांबवण्याकडे येऊ. सर्वप्रथम सुरुवातीचा कोर्स आणि ‘खबरदारी म्हणून’ दिलेले सर्व कोर्स बंद करावेत. त्यानंतर खाद्यातील वाढीसाठीची प्रतिजैविके काढावीत. ही सवय 1950 च्या सुमारास सुरू झाली, जेव्हा क्लोरटेट्रासायक्लिनच्या उत्पादनातील अवशेषांवर पिल्ले जास्त वाढतात असे आढळले; युरोपीय संघाने 2006 पासून ती पूर्ण थांबवली. डेन्मार्कमधील ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्यांच्या) उत्पादकांनी 1998 च्या सुरुवातीलाच स्वेच्छेने ती बंद केली होती, आणि तेथे मरतुक वाढली नाही, दर चौरस मीटर उत्पादनही घटले नाही, फक्त एक किलो वजनासाठी लागणारे खाद्य अगदी किंचित वाढले. आपणही आधी सर्वांत चांगले चाललेले शेड निवडावे, तीन बॅच पाहाव्यात आणि मग पुढच्या शेडकडे जावे.

आठवी पायरी: पक्षी आजारी पडलेच तर

औषध कमी करणे म्हणजे आजारी पक्ष्यांना तसेच सोडणे नव्हे. गरज असताना उपचार न करणे ही क्रूरता आहे. पण औषधाआधी एक क्रम पाळावा. प्रथम तापमान, हवा, पाण्याचा मीटर आणि खाद्य तपासावे. अशक्त पक्षी वेगळे करावेत. नुकतेच मेलेले पाच-सहा पक्षी पशुवैद्यकाकडून उघडून घ्यावेत, आणि औषधाचा पहिला थेंब देण्यापूर्वी यकृत किंवा हृदयाचे नमुने निर्जंतुक पद्धतीने प्रयोगशाळेत पाठवावेत, म्हणजे कोणता जंतू आहे आणि कोणते औषध त्याच्यावर चालते हे कळेल. निदान विषाणूचे आले आणि जंतुसंसर्गाचा पुरावा नसेल, तर प्रतिजैविक देऊ नये.

औषध निवडताना जागतिक आरोग्य संघटनेची यादी पशुवैद्यकाशी बोलताना समोर ठेवावी. तिसऱ्या व चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, फ्लुरोक्विनोलोन्स आणि कोलिस्टिन ही माणसांसाठी सर्वाधिक प्राधान्याची औषधे आहेत. ती पहिल्या पसंतीला येऊच नयेत. अमेरिकेने 2005 मध्ये कोंबड्यांमध्ये एन्रोफ्लोक्सासिन या फ्लुरोक्विनोलोनचा वापर बंद केला तो माणसांतील कॅम्पिलोबॅक्टर जंतूंमध्ये वाढलेल्या प्रतिरोधामुळेच.

मात्रा नेहमी वजनावर ठरवावी. समजा 10,000 पक्षी आहेत, सरासरी वजन 1.2 किलो आहे आणि मात्रा दर किलोला 20 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 12,000 किलोसाठी रोज 240 ग्रॅम मूळ औषध, आणि भुकटीत ते 50 टक्के असेल तर 480 ग्रॅम भुकटी लागेल. वजन न करता अंदाजाने 1 किलो धरले, तर मात्रा एक-षष्ठांशाने कमी पडते, आणि फ्लेमिंग यांनी सांगितलेला धोका येथेच सुरू होतो. औषधाच्या काळात क्लोरीन बंद ठेवावे. पाणी जड असेल तर टेट्रासायक्लिन आणि फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे कॅल्शियमशी बांधली जाऊन निरुपयोगी ठरतात, हे आधी तपासावे. खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन ही कॉक्सिडिओसिसविरोधी औषधे असतील तर टियाम्युलिन हे प्रतिजैविक देऊ नये, त्या संयोगाने पक्षी मरतात. तिसऱ्या दिवशी मरतुक उतरली नसेल तर त्यात दुसरे औषध न मिसळता प्रयोगशाळेचा अहवाल पाहून निदान पुन्हा तपासावे. ठरलेला कोर्स पूर्ण करावा, उरलेले औषध पुढच्या बॅचसाठी कपाटात ठेवू नये, आणि लेबलवरील प्रतीक्षाकाल (शेवटच्या मात्रेनंतर विक्रीपूर्वी थांबण्याचे दिवस) संपल्याशिवाय पक्षी किंवा अंडी विक्रीला पाठवू नयेत. अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये अनेक औषधांना मुळातच परवानगी नसते, त्यामुळे ब्रॉयलरची पुडी लेयरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये नेऊ नये.

शेवटची पायरी: खत

बॅच गेली तरी औषधाचे अवशेष आणि दाद न देणारे जंतू गादीत उरतात. ताजे खत थेट शेतात, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना किंवा पाण्याच्या उगमाजवळ, टाकू नये. त्याचा ढीग करावा, ओलावा मुठीत दाबल्यावर हात ओलसर होईल इतका ठेवावा आणि मधले तापमान लांब दांड्याच्या थर्मामीटरने मोजावे. ते 55 अंशांच्या वर अनेक दिवस टिकल्यावर ढीग पलटून बाहेरचा भाग आत घ्यावा, आणि असे तीन-चार वेळा करावे. खत उपसणाऱ्यांनी हातमोजे आणि तोंडाला मास्क वापरावा, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. ज्या बॅचला प्रतिजैविक दिले होते तिचा ढीग वेगळा ठेवून त्यावर तारीख आणि औषधाचे नाव लिहिलेली पाटी लावावी, आणि तीच नोंद वहीत त्या बॅचच्या शेवटच्या ओळीत करावी.